बंद तबकडीतले टपाल

संगणक चालू केल्यावर काळ्या पडद्यावर इंग्रजीची एखादी ओळ उमटते, पुढे काही हालत नाही, आणि धनी समजून चालतो की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार बुडाला. परंतु दफ्तरखान्याची किल्ली हरवली म्हणून आतले दस्तऐवज जळाले असे कोणी मानीत नाही, आणि येथेही बहुधा विंडोजच्या आरंभीच्या काही फायलीच बिघडलेल्या असतात. हार्ड डिस्कमधून माहिती काढून देणाऱ्या कारागिराची खरी विद्या मला त्याच्या यंत्रांपेक्षा त्याच्या संयमात दिसते.

आलेली डिस्क पुन्हा बूट करून पाहण्याचा मोह तो टाळतो. ती बाहेर काढून, तिच्यावर एक अक्षरही लिहिले जाऊ नये अशा बंदोबस्ताने तो दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि आधी संपूर्ण नक्कल उतरवून घेतो. या कामी नावाजलेला जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम सुस्थितीतले भाग प्रथम वाचतो, अडणारी ठिकाणे तूर्त सोडून देतो, त्यांची नोंद एका फायलीत ठेवतो आणि सरतेशेवटी त्यांच्याकडे वळतो. वीज गेली तरी त्या नोंदीबरहुकूम काम पुढे चालू होते. मात्र डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर वीज तत्काळ तोडावी, कारण मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर काही नॅनोमीटर अंतराने तरंगणारे वाचक टोक तिला घासू लागले, तर चुंबकीय थरच खरवडून निघतो. पुढचे काम धूळरहित कक्षाचे.

नक्कल हाती आल्यावर टपाल कोठे आहे हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते अधिक टपाल बुडते ते येथेच. लोक ‘माय डॉक्युमेंट्स’ उतरवून घेतात व निश्चिंत होतात. पण 2001 सालच्या विंडोज एक्सपीतील आउटलुक एक्सप्रेस आपली पत्रे ‘लोकल सेटिंग्ज’ या लपविलेल्या फोल्डरच्या पोटात, डीबीएक्स फायलींत ठेवीत असे. पुसलेले पत्रसुद्धा फाइल आवळली जाईपर्यंत बहुधा तेथेच पडून असते. आउटलुकची पीएसटी फाइल निराळी; 2002च्या आवृत्तीपर्यंत तिला 2 गिगाबाइटची मर्यादा होती, ती ओलांडली की फाइल नासे, आणि मग दोष डिस्कवर जाई.

मराठी टपालाची कैफियत आणखी वेगळी. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपीच्या किंवा सी-डॅकच्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग होऊन दिसतो, आणि परदेशी गेलेल्या मुलाची पहिली पत्रे शोधीत आलेले आईबाप फाइल सडली असे समजून ती सोडूनही देतात. जाणता कारागीर म्हणूनच टपालासोबत त्याच नकलेतील विंडोजचा ‘फॉन्ट्स’ फोल्डरही उचलून त्यांच्या सुपूर्द करतो.