सुटा टप : हौस, हिशेब आणि विवेक

व्यापारी कुटुंबात वाहन घेणे हा केवळ हौसेचा विषय कधीच नसतो. त्यात भांडवल गुंतते, जागा गुंतते आणि चालविणाऱ्याचा जीव त्या वाहनाच्या स्वाधीन होतो. शिक्षण-व्यवसायानिमित्त अमेरिका-युरोपात स्थिरावलेल्या आपल्या काही मुलांना तेथील १९६०-७०च्या दशकांतील जुन्या मोटारी खुणावतात. त्यांतही टपाचे तुकडे हातांनी काढून ठेवता येतात, अशा गाड्यांचे आकर्षण मोठे. अशा खरेदीला वडीलधाऱ्यांनी ‘नाही’ म्हणण्यापूर्वी आणि मुलांनी ‘हो’ म्हणण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहणे योग्य ठरेल.

कल्पनेचा उगम

अमेरिकन रचनाकार गॉर्डन ब्युरिग यांना अशा छताचे पेटंट १९५१ साली मिळाले. मधोमध एक पट्टी आणि तिच्या दोन बाजूंस निघणाऱ्या दोन फळ्या, अशी ती योजना होती. वरून पाहता इंग्रजी ‘टी’ अक्षर दिसते, म्हणून पुढे तिला ‘टी-टॉप’ हे नाव पडले. पोर्शे कंपनीने १९६५ साली ९११ गाडीचा ‘टार्गा’ प्रकार सादर केला. त्यात आसनांमागे पोलादी कमान कायम राहते आणि तिच्या पुढचा टप निघतो. सिसिली बेटावरील ‘टार्गा फ्लोरिओ’ या शर्यतीवरून ते नाव घेतले होते. १९६८च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटने टी-टॉप लोकप्रिय केला.

या प्रसाराला आणखी एक कारण होते. गाडी उलटल्यास प्रवाशांचे रक्षण व्हावे यासाठी अमेरिकेत कडक नियम येतील आणि पूर्ण उघड्या गाड्या बंद पडतील, अशी धास्ती कारखानदारांना वाटू लागली होती. १९७६ नंतर काही वर्षे तेथील मोठ्या कंपन्यांनी कापडी टपाच्या गाड्या बनविणे थांबविलेही. मोकळी हवा हवी आणि डोक्यावर आधारही हवा, या मागणीला सुटा टप हे मधले उत्तर ठरले.

जमेची बाजू

कापडी टप फाटतो, सुरकुततो, चोराच्या चाकूला सहज बळी पडतो. फळ्या बसविल्या की गाडी बंद गाडीसारखी दिसते आणि बरीचशी तशी वागतेही. मागची कमान किंवा मधली पट्टी राहिल्याने सांगाडा पूर्ण उघड्या गाडीपेक्षा अधिक ताठ राहतो. फळ्या काढण्यास काही मिनिटे पुरतात. त्यात मोटर किंवा गुंतागुंतीची यंत्रणा नसल्याने बिघडण्यासारखेही थोडेच असते.

नावेची बाजू

लाकडी पेटीचे झाकण काढून ती दोन हातांनी पिळून पाहावी. झाकण असताना ताठ असलेली पेटी लगेच वाकू लागते. मोटारीचेही तसेच आहे. कॉर्व्हेटच्या रचनाकारांना मुळात मधली पट्टी नकोच होती. पण सांगाडा पिळवटू लागला, म्हणून ती घालावी लागली. १९८४च्या नव्या कॉर्व्हेटमध्ये पट्टी गेली, तेव्हा ताठपणा टिकविण्यासाठी दारांखालचे उंबरे उंच करावे लागले. आजही त्या गाडीत चढता-उतरताना गुडघे तक्रार करतात. साडी नेसलेल्या आजीला त्यात बसविणे कठीणच. शिवाय तिचा टप हत्याराने घट्ट आवळायचा असतो, कारण बसविल्यावर तो सांगाड्याचाच भाग होतो. टपातून जे वजा केले, ते दुसऱ्या खात्यात भरावेच लागते.

दुसरा दोष पाण्याचा. प्रत्येक सांधा रबरी पट्टीवर विसंबून असतो आणि रबर वयानुसार कडक होते, चिरते. पाणी गालिच्याखाली मुरते, तेथे बुरशी धरते आणि पत्रा गंजतो. जुन्या कॉर्व्हेटचे बाह्यांग फायबरग्लासचे, त्यामुळे बाहेरून ती निष्कलंक दिसते. काचेभोवतीचा आतील पोलादी सांगाडा मात्र पोखरलेला असू शकतो आणि त्याची दुरुस्ती फार महाग पडते. याशिवाय वाऱ्याची शीळ, काचेच्या फळ्यांतून येणारे ऊन आणि फळ्या चोरीस जाण्याचे भय आहेच.

खरेदीपूर्वी

टप कारखान्यातच बसविलेला आहे की नंतर कोणी पत्रा कापून बसविला, हे प्रथम विचारावे. दुसऱ्या प्रकारात सांगाड्याला पुरेसे बळ दिले असेलच असे नाही. ती गाडी स्वस्त मिळाली तरी नाकारावी. दोन्ही फळ्या मूळच्या आहेत का, त्या ठेवण्याची पिशवी व आवळण्याचे हत्यार सोबत आहे का, ते पाहावे. टप काढून दारे उघडझाप करावीत. ती अडकत असतील तर सांगाडा वाकलेला असू शकतो. नळीने पाणी सोडावे आणि अर्ध्या तासाने गालिचे उचलून हात फिरवावा. टपाची चमक पाहून किंमत ठरवू नये, तळाचा कोरडेपणा पाहून ठरवावी.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न अवश्य निघेल, तो आसनांच्या चामड्याचा. त्या काळच्या बऱ्याच कॉर्व्हेटमध्ये रेक्झिनसारखे व्हिनाइल हेच नेहमीचे आवरण असे आणि चामड्यासाठी अधिक पैसे मोजावे लागत. म्हणजे अहिंसेचा आग्रह धरूनही गाडीचे मूळ रूप राखता येते.

भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ साली स्वतंत्र नियम झाले. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यांत अट आहे आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून येथील एखाद्या जुन्या गाडीचा पत्रा कापून टप सुटा करण्याचा विचारही करू नये. त्याने गाडीचे बळ जाते, आणि हा मानही जातो. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर सुट्या टपाच्या गाडीला छपराखालीच ठेवावे लागेल.

अनेकान्ताची शिकवण एकाच वस्तूला अनेक अंगांनी पाहण्यास सांगते. मुलाला त्या टपातून आकाश दिसते, वडिलांना त्याच टपातून गळणारे पाणी दिसते. दोघांचेही पाहणे खरे आहे, पण एकेकट्याचे अपुरे आहे. तेव्हा दोघांनी मिळून गाडी पाहण्यास जावे. कोरडी, अखंड, कारखान्याच्या टपाची गाडी ऐपतीत मिळाली, तर एक घ्यावी आणि नीट सांभाळावी. दुसरीची इच्छा होईल तेव्हा परिग्रह-परिमाणाचे स्मरण ठेवावे.