काटा वजनाचा, कळ पोटातली

वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं आली, हे एव्हाना सगळ्यांनी वाचलं आहे. वर्षभर आधी, मार्च 2025 मध्ये, मौंजारो हे तशाच कामाचं इंजेक्शन भारतात आलं तेव्हा अडीच मिलिग्रॅमची एक कुपी 3,500 रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याचे 14,000. त्याच वर्षी जूनमध्ये आलेल्या वेगोव्हीच्या, म्हणजे सेमाग्लुटाइडच्याच, सुरुवातीच्या डोसलाच महिन्याला 17,345 रुपये पडत. त्या भावात हा मुंबई-पुण्याचा मामला होता. भाव उतरले की माल नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, सटाणा, ताहाराबाद, नामपूरपर्यंत यायला कितीसा वेळ लागतो?

मोसम खोऱ्यात तो येईल तेव्हा तो विकत घेणाऱ्यांत मधुमेही असतील, लग्न ठरलेल्या मुली असतील. आणि एक तिसरी बाई असेल. पाळीच्या चार दिवसांत तिला उभं राहवत नाही, शौचाला बसताना डोळ्यांपुढे अंधारी येते, नवऱ्याजवळ जायची भीती वाटते. "पोट गंज दुखस," एवढंच ती सांगते. तिला आधी सांगितलं जातं, लग्न झालं की थांबेल. मग, एक मूल झालं की थांबेल. तेही होऊन गेलं की शेवटचं उत्तर ठरलेलं असतं: वजन कमी कर. आजवर हा सल्ला फुकटचा होता. आता तो पेनात भरून विकला जाणार आहे, आणि माझी काळजी तिथून सुरू होते.

या तिसऱ्या बाईला बहुधा एंडोमेट्रिओसिस असतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयावर, आतड्यांवर, मूत्राशयावर जाऊन बसतात आणि तिथे सूज, चिकटे तयार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या दहा टक्के, म्हणजे जगभरात सुमारे 19 कोटी स्त्रियांना हा आजार असतो. खळ्यावर कांदा निवडायला बसलेल्या वीसजणींत सरासरीने दोघी. त्यातल्या बहुतेकींना या आजाराचं नावही माहीत नसतं. अभिनेत्री शमिता शेट्टीने मे 2024 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयातूनच व्हिडिओ टाकून ते नाव घेतलं होतं. पण मुंबईच्या रुग्णालयातून आलेलं नाव बागलाणच्या वस्तीवर उतरतंच असं नाही.

वजनाचा सल्ला आला कुठून? बहुधा पीसीओडीकडून. त्या आजारात इन्सुलिनचा गोंधळ मुळाशी असतो, आणि वजन थोडं उतरलं तरी पाळी नियमित व्हायला खरोखर मदत होते. तिथे हा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण तो पसरत पसरत ओटीपोटाच्या प्रत्येक तक्रारीला चिकटला. एंडोमेट्रिओसिसचं गणित वेगळं, जवळपास उलटं आहे. अमेरिकेत 1989 पासून लाखाहून अधिक परिचारिकांचा जो पाठपुरावा चालू आहे, त्यात हा आजार सडपातळ बायकांत जास्त आणि लठ्ठ बायकांत कमी आढळला. लठ्ठपणा वाचवतो, असा त्याचा अर्थ नव्हे; आजारच वजन खाली ठेवत असेल किंवा सडपातळ बाईत तो लवकर सापडत असेल. तरी 'जाडीमुळे दुखतं' हे विधान त्यापुढे टिकत नाही.

महाराष्ट्राचे आकडेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 23.4 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या निघाल्या आणि 20.8 टक्के गरजेपेक्षा कमी वजनाच्या. रक्तक्षय 54.2 टक्के. पाळीत जास्त रक्त जाणारी, आधीच हिमोग्लोबिन खाली असलेली बाई भूक मारणारं औषध घेऊ लागली की तिच्या ताटातलं लोह आणखी घटतं, आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात. त्याच अंगावर तिला शेतातलं काम ओढायचं असतं.

दुसरी बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात आणि एंडोमेट्रिओसिस इस्ट्रोजेनवर पोसला जातो. शिवाय ही औषधं शरीरातली दाहाची पातळी खाली आणतात असं दिसतं. इंजेक्शन सुरू केल्यावर पाळीची कळ हलकी झाली असं सांगणाऱ्या बायका जगभर आहेत, आणि त्यांना खोटं ठरवायचं कारण नाही. पण एंडोमेट्रिओसिसवरचं औषध म्हणून त्यांना मान्यता नाही, आणि मान्यता द्यावी अशी मोठी मानवी चाचणीही पुढे आलेली नाही. वेगोव्ही, मौंजारो वजनासाठी द्यायचं ते बीएमआय 30 किंवा वर असेल तर, किंवा 27 वा त्याहून जास्त असून सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असेल तर. हार्मोनच्या गोळ्यांवर वर्षं काढून पंधरा-वीस किलो वाढलेल्या, साखरही वाढलेल्या एंडोच्या रुग्णाला डॉक्टरने हे इंजेक्शन दिलं तर त्यात गैर काही नाही. तो उपाय वजनावर आहे, हे दोघांनाही ठाऊक असलं म्हणजे झालं.

माझ्या मते खरा घोळ आतड्यात आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये पोट फुगतं, सकाळी सपाट आणि संध्याकाळी साडीची गाठ सैल करावी लागेल इतकं. घरचे म्हणतात, पोट सुटलं. बाईलाही तसंच वाटतं. ती फुगवटा घेऊन वजनाच्या इंजेक्शनाकडे जाते. आणि हे इंजेक्शन काय करतं? जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. सेमाग्लुटाइडची 2021 साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी 1,961 जणांवर झाली. औषध घेतलेल्यांचं 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, हा आकडा सगळ्या जाहिरातींना पाठ आहे. त्याच चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी 44 टक्क्यांना मळमळ झाली, सुमारे 25 टक्क्यांना उलट्या आणि 23 टक्क्यांना बद्धकोष्ठ. तुलनेसाठी औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांत बद्धकोष्ठ साडेनऊ टक्के होतं. ज्या बाईच्या आतड्यावर किंवा गुदाशयाच्या पडद्यावर एंडोच्या गाठी आहेत, तिला बद्धकोष्ठ म्हणजे नुसती गैरसोय नाही. कडक मल त्या जागेवरून सरकताना कळ येते. मग कोणती कळ आजाराची आणि कोणती औषधाची, हे तिला कळत नाही आणि तपासणाऱ्यालाही. या आजाराचं निदान व्हायला आधीच कित्येक वर्षं जातात. त्यात आणखी दोन सहज जातील: इंजेक्शनमुळे होतंय ताई, डोस कमी करू.

गोळ्यांचं तर फारच थोड्यांना माहीत असतं. एंडोच्या कितीतरी जणी संततिनियमनाची गोळी वेदनेसाठी घेतात. टिर्झेपेटाइडच्या, म्हणजे मौंजारोच्या पहिल्या डोसनंतर या गोळीतल्या इस्ट्रोजेनची रक्तातली सर्वोच्च पातळी 59 टक्क्यांनी खाली आल्याचं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणून औषध सुरू केल्यावर चार आठवडे, आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, निरोध किंवा दुसरं साधन वापरावं असं त्यात म्हटलं आहे. सेमाग्लुटाइडबाबत असा परिणाम दिसला नाही. पण गोळीनंतर तासाभरात उलटी झाली तर गोळी कोणतीही असो, गेलीच. उलट टोकाला मूल हवं असलेल्या बायका आहेत, आणि एंडोमध्ये त्या पुष्कळ असतात. दिवस राहण्याआधी सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपेटाइड एक महिना बंद असायला हवं. वजन उतरल्यावर काहींचं बीज पुन्हा नियमित सुटू लागतं, त्यामुळे 'इतकी वर्षं राहिलं नाही, आता काय राहणार' या भरवशावर राहू नये.

साठवणुकीचा प्रश्न मामुली वाटेल, पण तो आपल्या बाजूचा आहे. न उघडलेलं पेन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. शेजारचं मालेगाव उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतं. विजेचं सांगायला नको. कुरिअरच्या खोक्यात दुपारभर तापलेलं पेन दिसायला अगदी चांगल्या पेनासारखंच दिसतं.

हे सगळं वाचून कोणी विचारेल, मग बाईने करायचं काय. उत्तर इंजेक्शनपेक्षा जुनं आणि स्वस्त आहे. पूर्वी दुर्बिणीने पोटात बघितल्याशिवाय एंडोमेट्रिओसिस म्हणायचंच नाही, असा दंडक होता. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तो सैल केला. लक्षणं बोलकी असतील तर सोनोग्राफीत काही दिसलं नाही तरी हार्मोनचे उपचार सुरू करून बघता येतात. नामपूरच्या बाईसाठी हा मोठा बदल आहे. मालेगाव किंवा नाशिकला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि खाडे जमेपर्यंत वेदना सहन करायची सक्ती त्याने उठते. डायनोजेस्टची रोजची गोळी, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी साधनं, हे सगळं भारतात मिळतं. डायनोजेस्टने काहींचं वजन थोडं वाढतं, हेही आधीच सांगावं. नाहीतर बाई मध्येच गोळी सोडते आणि पुन्हा वजनाच्या इंजेक्शनाकडे वळते.

मुंबईत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथले डॉ. राहुल गजभिये भारतीय स्त्रियांतल्या एंडोमेट्रिओसिसचा मोठा अभ्यास चालवतात, लक्षणांपासून जनुकांपर्यंत. या आजाराची आजवरची जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या बायकांची आहे. आपल्याकडच्या बायकांना काय, कुठे आणि किती दुखतं, याची पद्धतशीर नोंद इथे होते आहे. वजनाच्या इंजेक्शनच्या जाहिरातीवर जितका पैसा ओतला जाईल, त्याचा लहानसा वाटा जरी अशा कामाकडे वळला तरी मी माझी किरकिर आवरती घेईन.

ज्यांनी इंजेक्शन सुरू केलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. पुढे एंडोची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधीच, तारखेसह सांगायचं. जठर सावकाश रिकामं होत असल्याने रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भुलीत ते श्वासनलिकेत जायचा धोका असतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी जून 2023 मध्येच आठवड्याचा डोस शस्त्रक्रियेआधी आठवडाभर थांबवण्याची सूचना केली होती; नंतर ती प्रत्येक रुग्णागणिक ठरवावी अशी झाली. ती ठरवायची तर इंजेक्शनची गोष्ट डॉक्टरांना कळायला हवी, आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेलं इंजेक्शन कुठल्याच केसपेपरवर नसतं.