अनोळखी चेहरा आणि छायाचित्रकार

व्यक्तिचित्र लिहिणारा लेखक आपल्या पात्राचे नाव बदलतो, गाव बदलतो, प्रसंगी त्याच्या मिशाही उतरवतो. मूळ माणूस त्याआड झाकला जातो. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराला ही सोय नाही. त्याने टिपलेला चेहरा त्या माणसाचाच राहतो. वाङ्मयाच्या उपासकांनी या कलेचा विचार करावा असे आम्हांस वाटते, ते या अडचणीमुळेच. शिवाय आता आमच्या विद्यार्थ्यांच्याही खिशांत कॅमेरा आला आहे.

तंत्र त्या मानाने सोपे. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटरचे भिंग लावून, छिद्र एफ-८ वर आणि अंतर ३ मीटरांवर बांधून ठेवले, की सुमारे २ ते ७ मीटरांपर्यंतचे सारे पुरेसे रेखीव उमटते. मग ऐन वेळी कॅमेऱ्याशी झटापट करावी लागत नाही. चालता माणूस धूसर होऊ नये म्हणून वेग सेकंदाच्या २५० व्या भागाचा असावा. एवढे आठवड्याभरात साधते.

साधत नाही ते उभे राहणे. नवशिका दूरवरून, लांब पल्ल्याच्या भिंगाने चेहरे ओढून घेतो. त्यापेक्षा उन्हाची तिरीप पडलेला एखादा कोपरा निवडावा आणि तेथे अर्धा तास थांबावे. लोकांना आपली सवय होते, माणसे आपण होऊन चौकटीत येतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे १९३२ सालचे पॅरिसचे चित्र प्रसिद्धच आहे: सँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून एक माणूस झेप घेतो आहे, टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. कुंपणाच्या फटीतून टिपलेल्या या चित्रात त्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. त्याची झेप आपली होते आणि त्याचे काही हिरावले जात नाही.

वॉकर एव्हन्स यांचा मार्ग निराळा. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत त्यांनी कोटाच्या गुंड्यांमधून भिंग डोकावू दिले, कळीची तार अस्तनीतून हातापर्यंत आणली आणि समोरचे प्रवासी टिपले. थकलेले, स्वतःत हरवलेले हे चेहरे अपूर्व आहेत, आणि ते चोरलेले आहेत. ही दोन्ही विधाने आम्हांस एकदमच करावी लागतात. त्या चित्रांचे पुस्तक निघाले ते १९६६ साली; इतका काळ त्यांतील बरीचशी चित्रे लोकांपुढे आली नाहीत, याचेही आम्हांस मोल वाटते.

फिलिप-लोर्का डिकॉर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये दडवलेल्या दिव्यांच्या झोतात वाटसरूंची चित्रे घेतली. त्यांपैकी एका गृहस्थाने धर्मश्रद्धेच्या आधारे हरकत घेऊन दावा लावला. २००६ साली न्यायालयाने तो फेटाळून चित्रे ही कला ठरविली. निकाल कलेच्या बाजूचा, म्हणून आम्हीही संतुष्ट व्हावे. पण त्या गृहस्थाची हरकत काही निकालाने मिटत नाही.

आमच्या मंडईत किंवा बसस्थानकावर मुलांना धाडायचे झाल्यास आम्ही एवढेच सांगू: कॅमेरा छातीशी उघडा ठेवा. कोणी पाहिले तर हसून मान लववा, जवळ जाऊन चित्र दाखवा. त्याने मान हलवली तर त्याच्यासमोरच ते पुसून टाका. निजलेला, रडणारा किंवा भीक मागणारा माणूस ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. तेथे कॅमेरा खालीच असावा.