बारीपाड्याचे रान आणि त्याचे पाठीराखे

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत, बारीपाडा हे आदिवासी बांधवांचे लहानसे गाव आहे. १९९० च्या सुमारास येथील डोंगर तोडीमुळे उघडे पडले होते. पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात स्त्रियांना हंड्यासाठी दूरवर पायपीट करावी लागे. अशा वेळी गावातीलच श्री. चैत्राम पवार या वाणिज्य शाखेच्या उच्चशिक्षित तरुणाने नोकरीची वाट न धरता गावातच राहून काम करण्याचे ठरविले.

परंतु एकट्याच्या शब्दाने कुऱ्हाड थांबत नाही. वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे संयुक्त वनव्यवस्थापनामुळे वनखात्याचेही साहाय्य लाभले. तथापि खरा आधार गावसभेचाच. झाड तोडणाऱ्यास दंड व रानात बैलगाडी नेण्यास बंदी, हे नियम गावकऱ्यांनी स्वतः केले. आपल्याच भाऊबंदाकडून दंड घेणे किती अवघड असते, हे खेड्यात काम करणाऱ्यास सांगावयास नको!

चारशेहून अधिक हेक्टर रान राखले गेले. चर व बंधाऱ्यांमुळे पाणी मुरून विहिरींना टिकू लागले; भाताची चारसूत्री लागवड रुजली. २००४ पासून येथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरत आली आहे. २०२५ मध्ये श्री. पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

ग्रामसेवक बंधूंनी तेथे गेल्यास केवळ झाडे पाहून परतू नये. गावकऱ्यांसमवेत बसावे आणि दंड कसा ठरतो व कसा वसूल होतो, ते विचारून घ्यावे.