चूक ओळखणारी पाटी

५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असता तिसरी-चौथीतील पुष्कळ मुले ३५ हे उत्तर मांडतात. हे उत्तर अनवधानाचे नसते. त्यामागे एक नियम असतो आणि तो मुलाने स्वतःच्या बुद्धीने बांधलेला असतो. दोनांतून सात जात नाहीत, तेव्हा सातांतून दोन काढावे आणि पाच लिहावे, मग पाचांतून दोन काढून तीन लिहावे, असा तो नियम. आणि त्याच नियमाने ते मूल ८३ मधून ४६ वजा करताना ३७ ऐवजी ४३ लिहिते, पुढे तीन अंकी संख्या आल्या म्हणजे तेथेही तीच रीत निष्ठेने चालवते. चाळीस वह्या तपासावयाच्या असलेल्या शिक्षकाला प्रत्येक उदाहरणामागचा हा विचार शोधीत बसण्याइतका अवकाश मिळत नाही. तांबड्या फुलीने उत्तर चुकले एवढे मुलाला समजते, परंतु आपला नियमच चुकला हे समजत नाही, आणि वही परत हाती येईपर्यंत वर्ग गुणाकाराकडे वळलेला असतो.

वर्गातील अध्यापनाला टॅबची आणि त्यावरील ॲपची मदत होते काय, होत असल्यास ती कोणत्या जातीची, हा प्रश्न मला या उदाहरणापाशी सर्वांत स्पष्ट दिसतो. विचारपूर्वक तयार केलेले गणिताचे ॲप ३५ हे उत्तर येताच केवळ 'चूक' म्हणून थांबत नाही. ते ५८ मधून २३ वजा करावयास सांगते. ते उत्तर बरोबर आले म्हणजे वजाबाकीची कल्पना शाबूत असून दोष हातच्यापाशी आहे, हे निश्चित होते. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पडद्यावर मांडून, एक गठ्ठा मुलाच्याच बोटाने सोडवून घेऊन, ते पुन्हा मूळ उदाहरणाकडे येते. हे सर्व दोन-तीन मिनिटांत, शेजारच्या मुलांच्या हसण्यापासून दूर आणि चूक अजून ताजी असताना घडते. पाटीवर लिहिलेले पाटी समजून घेत नसे. ही पाटी निदान काही ठरावीक चुका ओळखते, आणि माझ्या मते टॅबच्या बाजूने सांगण्यासारखे जे आहे त्याचा गाभा एवढाच आहे. रंगीत चित्रे, गाणी, गुणांच्या चांदण्या यांनी मुलांचे चित्त काही दिवस वेधले जाते खरे. पण ते सारे आनुषंगिक.

ही कल्पना टॅबहून पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेत सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात प्रश्न विचारून उत्तर तपासणारे यंत्र तयार केले होते आणि मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ साली आपले 'अध्यापन यंत्र' पुढे मांडले. त्या यंत्रांना उत्तर बरोबर की चूक एवढेच सांगता येई. चुकीच्या स्वरूपावरून पुढचा प्रश्न निवडण्याचे सामर्थ्य संगणकाने आणले, आणि टॅबने ते सतरंजीवर बसलेल्या, कळफलकाशी परिचय नसलेल्या मुलाच्या बोटापर्यंत पोहोचवले.

या सामर्थ्याचा प्रत्यक्ष लाभ किती, हे जाणण्यासाठी दूर जावयास नको. गुजरात सरकारने वडोदरा शहरातील महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांतील बरेचसे प्राथमिक वर्गांच्या उपयोगात येत नव्हते. मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी त्यांवर गणिताचे खेळ चालू केले. एका संगणकापाशी दोन मुले आणि आठवड्यातून दोन तास, एवढीच ती योजना. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी तिचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. गणितातील वाढ ठळक होती, भाषेत मात्र काही फरक पडला नाही, कारण भाषेचे काही शिकवलेच नव्हते. यंत्रासमोर बसल्याने बुद्धी सर्वांगांनी तल्लख होते अशी जी एक भाबडी समजूत पालकांत आढळते, तिला या निष्कर्षाने चांगला आधार उरत नाही: जे शिकवावे तेच येते.

दिल्लीतील प्रयोग याहून अधिक बोलका आहे. अहमदाबादच्या 'एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज' या संस्थेचे 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पातळी आधी अजमावते आणि तेथूनच प्रश्नांना आरंभ करते. सरकारी शाळांतील माध्यमिक वयाच्या मुलांना सोडत काढून शाळेनंतरच्या केंद्रांत प्रवेश देण्यात आला; तेथे पाऊण तास संगणकावर आणि पाऊण तास लहान गटात एका साहाय्यकाबरोबर अभ्यास होई. आरंभीच्या चाचणीत असे आढळले की सहावीतील सरासरी मूल गणितात आपल्या इयत्तेहून सुमारे अडीच वर्षे मागे होते आणि जसजशी इयत्ता वाढे तसतसे हे अंतर वाढत जाई. साडेचार महिन्यांनी प्रवेश मिळालेल्या मुलांची प्रगती, न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, गणितात दुपटीएवढी आणि हिंदीत त्याहूनही अधिक झाली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील दोन गोष्टींवर मात्र अधिक रेंगाळणे मला अगत्याचे वाटते. पहिली ही की, प्रवेश न मिळालेल्या मुलांपैकी सर्वांत मागे असलेल्या तृतीयांश मुलांची त्या काळात मुळीच प्रगती झाली नाही. ती रोज शाळेत जात होती, पुस्तक पुढे सरकत होते आणि त्यांच्या ज्ञानात काही भर पडत नव्हती. दुसरी गोष्ट याहून अस्वस्थ करणारी आहे. केंद्रात गणितात झपाट्याने पुढे गेलेल्या मुलांचे शाळेच्या परीक्षेतील गणिताचे गुण मात्र विशेष वाढले नाहीत. याचे कारण उघड आहे: आठवीतल्या ज्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक नव्याने समजले, त्याच्या परीक्षेत अपूर्णांकावर प्रश्नच नव्हता. म्हणजे मूल खरोखर शिकले आणि परीक्षेच्या दप्तरात त्याची नोंद झाली नाही. परीक्षेच्या निकालावरून टॅबचे मोल ठरवू पाहणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा दाखला अहमदाबादच्याच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांतला. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडन यांनी एकाच सॉफ्टवेअरचा दोन प्रकारे झालेला उपयोग तेथे तपासला. जेथे शिक्षकाच्या तासाऐवजी मुले संगणकापुढे बसवली गेली, तेथे ती नेहमीपेक्षा कमी शिकली. जेथे तोच अभ्यास शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याला जोड म्हणून झाला, तेथे ती अधिक शिकली. यंत्र तेच, मुले त्याच वस्त्यांतली, आणि फळे परस्परविरुद्ध! शिक्षकाचा तास कमी करून टॅबचा तास घालण्याची तजवीज कोठे होऊ घातली असेल, तर तिला विरोध करावयास हा एक दाखला पुरेसा आहे.

याच्या उलट, जेथे शाळाच नाही तेथे टॅब काय करू शकतो, हे टांझानियाच्या टांगा प्रांतात दिसून आले. 'ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ' या जागतिक स्पर्धेत सुमारे १७० खेड्यांतील २,७०० च्या आसपास मुलांना स्वाहिली भाषेतील ॲपसह टॅब देण्यात आले आणि ते सौरऊर्जेवर भारित करण्याची सोय गावोगाव करण्यात आली. आरंभी त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आले. २०१९ साली लंडनची 'वनबिलियन' ही संस्था आणि 'किटकिट स्कूल' हे ॲप यांना पारितोषिक विभागून मिळाले. हे यश मला मनापासून आनंददायक वाटते. पण त्यात दडलेले दुसरे अर्धेही विसरता येत नाही, कारण सव्वा वर्षानंतरही इतक्या मुलांना एक शब्द वाचता येऊ नये, एवढी उणीव शिक्षकावाचून राहतेच.

केवळ साधन वाटल्याने काय होते, त्याची उदाहरणे थोडक्यात सांगतो. लॉस एंजेलिसच्या शाळाखात्याने २०१३ साली प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड देण्याची प्रचंड खर्चाची योजना हाती घेतली. विद्यार्थ्यांनी त्यावरील निर्बंध काही दिवसांतच ओलांडले आणि पुढल्याच वर्षी करार थांबवावा लागला. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे हलके करण्याचा हेतू स्तुत्य होता, तथापि पुस्तकाचे पान काचेवर आणल्याने पाठीवरचा भार उतरतो, समजुतीत भर पडतेच असे नाही.

आतापर्यंत मी सरावाविषयी लिहिले; परंतु भूमितीत टॅब जे दाखवू शकतो ते निराळ्याच कोटीतले आहे. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली रचलेले 'जिओजेब्रा' हे ॲप विनामूल्य मिळते. त्यात एक अर्धवर्तुळ काढावे, व्यासाची दोन टोके त्याच्या कंसावरील एका बिंदूशी जोडावी आणि तो बिंदू बोटाने कंसावरून सरकवत न्यावा. त्रिकोण अरुंद होतो, रुंद होतो, एका बाजूस कलतो, परंतु त्या बिंदूपाशी झालेला कोन ९० अंशांवरून हलत नाही. फळ्यावर खडूने काढलेली आकृती एकच असते, म्हणून प्रमेय त्या एका आकृतीपुरते आहे की काय, अशी शंका विद्यार्थ्याच्या मनात नकळत राहते. येथे शेकडो आकृत्या त्याच्या बोटाखालून जातात आणि 'असे का व्हावे?' हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उठतो. ॲपचे काम तेथे संपते. केंद्रापासून त्या बिंदूपर्यंत त्रिज्या काढून दोन समद्विभुज त्रिकोण दाखवणे आणि सिद्धतेकडे नेणे हे बाईंचे किंवा सरांचे काम, आणि ते त्यांनी त्याच तासाला, प्रश्न गरम असतानाच केले पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर टॅबची खरी जागा मला जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांत दिसते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षकांची तरतूद आहे. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन गुरुजी, हा हिशेब कायद्यानेच मान्य केलेला आहे. पहिलीची मुले अक्षरे गिरवीत असताना चौथीच्या मुलांना 'पाढे लिहा' असे सांगून शांत ठेवण्यापलीकडे अशा वेळी गत्यंतर नसते. याच अर्ध्या तासात चौथीची मुले दोघादोघांनी एका टॅबवर भागाकाराचा सराव करू लागली, तर गुरुजींना पहिलीपाशी निर्वेधपणे बसता येते. दोघांना मिळून एक टॅब ही मी काटकसर समजत नाही. उत्तर कोणते दाबावे यावरून दोन मुलांत जो वाद होतो, त्या वादात दोघांनाही आपला नियम शब्दांत मांडावा लागतो आणि शिक्षणाचा मोठा भाग तेथेच घडतो. सायंकाळी कोणते मूल कोठे अडले याचा गोषवारा ॲप शिक्षकापुढे ठेवते. तो वाचून दुसऱ्या दिवशी कोणत्या पाच मुलांना जवळ बसवावयाचे हे ठरवणे, हीच त्या साऱ्या खटाटोपाची फलश्रुती. ज्या शाळेत हा गोषवारा कोणी उघडतच नाही, तेथे टॅब असून नसल्यासारखे.

शिक्षकांच्या कर्तृत्वाविषयी मला शंका नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले, आणि २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. अडचण येते ती अन्यत्र. परभाषेत रचून नंतर मराठीत उतरवलेल्या ॲपला हे ठाऊक नसते की मराठी मूल 'बावन्न' ऐकताना आधी दोन ऐकते आणि मग पन्नास, म्हणून त्याने २५ लिहिले तर ती गणिताची चूक नव्हे. अशा ॲपकडून होणारे चुकीचे निदान हे निदानच नसण्याहून वाईट.

दुसरी अडचण कचेरीतली आहे. शाळेला मिळालेला टॅब डेडस्टॉक नोंदवहीत चढतो, तो फुटला तर जाब मुख्याध्यापकाला द्यावा लागतो, आणि म्हणून तो कपाटात सुखरूप राहतो. मुलांच्या हाताळणीत झालेली मोडतोड ही वापराचा भाग समजून निर्लेखित करण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला दिल्यावाचून ती कपाटे उघडणार नाहीत. वीजदेयक थकल्यामुळे जोडणी तोडली गेल्याच्या घटना जिल्हा परिषदांच्या शाळांत वारंवार घडल्या आहेत. विनामूल्य म्हणून घेतलेले ॲप मुलांची माहिती कोणाच्या हाती देते, हेही पाहिले पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे आणि, काही अपवाद वगळता, त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास व त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली आहे.

वडोदऱ्याच्या अभ्यासातील एक गोष्ट सांगावयाची राहिली. कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने त्या मुलांची पुन्हा चाचणी घेण्यात आली, तेव्हा मिळालेली बहुतांश वाढ ओसरलेली आढळली. यावरून जिल्हा परिषदांनी टॅबखरेदी अनावर्ती खर्चाच्या सदरात एकदाच टाकून मोकळे होऊ नये. दुरुस्ती, वीज, मराठी आशयाची सुधारणा आणि दर सत्रात केंद्रावर होणारे शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी दरसाल आवर्ती तरतूद करावी, आणि ज्या सभेत खरेदीला मंजुरी मिळेल त्याच सभेत या रकमेचाही ठराव करून घ्यावा.