छिद्र केवढे हवे?

कॉर्निंग ही अमेरिकेतली काचेची कंपनी. रेल्वेच्या सिग्नलच्या काचांपासून प्रयोगशाळेतल्या पायरेक्सच्या भांड्यांपर्यंत तिचा सगळा संसार काचेचा. जीवरसायनशास्त्राशी तिचा संबंध यायचे वरवर काही कारण नव्हते. तरी १९६९ मध्ये याच कंपनीतल्या हॉवर्ड वीटॉल यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. ट्रिप्सिन आणि पपेन ही दोन विकरे, म्हणजे एन्झाइम्स, त्यांनी सच्छिद्र काचेला रासायनिक बंधाने जखडली होती आणि जखडलेल्या अवस्थेतही ती काम करत होती.

याची गरज कारखानदाराला चटकन कळते. विकर महाग असते आणि पाण्यात विरघळते, त्यामुळे काम झाल्यावर ते परत काढून घेणे जिकिरीचे. शिवाय ते नाजूक. उष्णतेने, ढवळण्याने, हवेच्या बुडबुड्यांनी त्याची घडी विस्कटते आणि मग त्याचा उपयोग संपतो. ट्रिप्सिनची तर आणखी एक खोड आहे. प्रथिने तोडणे हेच त्याचे काम असल्याने द्रावणात मोकळे सोडले की ते आपल्याच भाईबंदांना तोडत सुटते. एकेक रेणू भिंतीला खिळून ठेवला की ही भाऊबंदकी थांबते.

कल्पना तशी जुनी होती. १९१६ मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी साखर फोडणारे इन्व्हर्टेज कोळशाच्या भुकटीवर चिकटवले, तरी ते कार्यक्षम राहिल्याचे त्यांना आढळले. पण त्यातून विकर पुन्हा पुन्हा वापरता येईल, हा विचार पुढची कित्येक दशके जोर धरू शकला नाही. मातीत मात्र हे कायमच चाललेले असते. सूक्ष्मजीवांनी सोडलेली विकरे चिकणमातीच्या कणांना धरून राहतात आणि ती सोडणारे जीव मेल्यावरही काम करत असतात.

कॉर्निंगच्या काचेची कृती सांगण्यासारखी आहे. बोरोसिलिकेट काच ठरावीक तापमानाला बराच वेळ तापवत ठेवली की आतल्या आत तिचे दोन भाग होतात. एकात सिलिका जास्त, दुसऱ्यात बोरॉन जास्त, आणि दोन्हींची जाळी एकमेकांत गुंतलेली. मग आम्लात टाकली की बोरॉनची जाळी विरघळून जाते आणि सिलिकेचा सांगाडा उरतो. तापवण्याचा काळ आणि तापमान बदलून छिद्रांचे माप बऱ्याच अचूकपणे ठरवता येते, हे वोल्फगांग हालर यांनी १९६५ मध्ये दाखवले होते. वीटॉल यांनी त्या छिद्रांच्या भिंतींवर आधी सिलेन, म्हणजे काच आणि विकर यांना सांधणारे रसायन, बसवले आणि त्याला विकर जोडले.

गंमत अशी की ही काच विकरांच्या कारखान्यात फारशी रुजलीच नाही. ती महाग होती, आणि दुसरी अडचण तिच्या पिंडातच होती. सिलिका पाण्यात हळूहळू विरघळते, अल्कधर्मी पाण्यात तर भराभर. तळ झिजला की त्यावर खिळलेले विकर कितीही घट्ट असले तरी वाहून जाणार. उपाय म्हणून काचेवर झिर्कोनियाचा थर चढवला गेला, ॲल्युमिना आणि टिटॅनियाचे सच्छिद्र दाणेही वापरून पाहिले गेले. त्याच १९६९ मध्ये जपानच्या तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाता आणि सहकाऱ्यांनी बांधलेल्या विकरांवर अमिनो आम्लांचे उत्पादन सुरू केले, तेही काचेवर नव्हे, तर सेफॅडेक्स या शर्करेच्या जाळीवर. कॉर्निंगच्या धर्तीच्या काचेला पुढे भलतीच नोकरी मिळाली. आज प्रयोगशाळेत डीएनएचे छोटे धागे रचले जातात, ते बऱ्याचदा तिच्या कणांवर.

अशा खनिज आधारांचा कारखान्यातला खरा जम बसला तो तेलात. युनिलिव्हरच्या संशोधकांनी लायपेज हे चरबी फोडणारे विकर कीझेलगुरवर, म्हणजे डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांच्या मातीवर चढवले आणि पामतेलासारख्या स्वस्त तेलापासून कोको बटरशी जुळणारी चरबी बनवली. इथे रासायनिक बंधाची गरजच नव्हती. विकर तेलात विरघळत नाही, म्हणून नुसते चिकटवले तरी जागचे हलत नाही. तेलात पाणीही नसल्यात जमा, म्हणून ते तापमानही जास्त सोसते. १९८४ मध्ये झॅक्स आणि क्लिबानोव्ह यांनी तर डुकराच्या स्वादुपिंडातले लायपेज कोरड्या सेंद्रिय द्रवात १०० अंश सेल्सिअसला कित्येक तास टिकते, असे दाखवले. पाण्यात ते क्षणात मेले असते.

मग सुघड छिद्रांचे युग आले. छिद्रांची शिस्त म्हणाल तर झिओलाइटसारखे दुसरे खनिज नाही. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या काळ्या पत्थराच्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट हे झिओलाइट जगभरच्या संग्राहकांकडे पोचलेले आहेत. पण त्यांची छिद्रे एका नॅनोमीटरहूनही लहान आणि विकराचा रेणू तीन ते दहा नॅनोमीटरचा. तो आत शिरणार कसा? १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी साबणासारख्या रेणूंच्या साच्याभोवती सिलिका घडवून एमसीएम-४१ केले. एकसारख्या षट्कोनी नळ्या, रुंदी काही नॅनोमीटर. १९९६ मध्ये टेक्सासच्या दियाझ आणि बाल्कस यांनी त्यात विकरे भरली. लहान सायटोक्रोम सी आत गेले, मोठ्या पेरॉक्सिडेजला जागा अपुरी पडली. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे पाच ते तीस नॅनोमीटरच्या नळ्यांचे एसबीए-१५ आले आणि मापाची अडचण सुटली.

या साऱ्या प्रवासात मला सर्वात मोलाचे वाटते ते टोयोटाच्या संशोधन केंद्रातले २०००च्या सुमाराचे काम. मोठ्या छिद्रात विकर मोकळे राहते आणि तापवल्यावर उलगडते. लहान छिद्रात ते शिरतच नाही. छिद्र विकराहून जेमतेम मोठे असेल तेव्हाच ते सर्वात जास्त टिकते, कारण भिंती त्याला उलगडू देत नाहीत. भिंतीवरचा विद्युतभारही जुळावा लागतो. टिकाऊपणाचे कारण इतक्या नेमकेपणाने हाती आले, हेच त्या सुघड नळ्यांचे खरे देणे.

त्यानंतर निबंधांचा पूर आला आणि त्यातल्या ‘स्थैर्य वाढले’ या दाव्यांकडे जरा तिरप्या नजरेने पाहावे लागते. छिद्रात विकर ठासून भरले की कच्चा माल आतवर पोचत नाही. बाहेरच्या तोंडाशी असलेले रेणू काम करतात, आतले रिकामे बसतात. बाहेरचे मेले की माल आणखी आत शिरतो आणि आतले कामाला लागतात. मोजणाऱ्याला वाटते, काहीच मेले नाही. प्रत्यक्षात साठा संपत असतो, आणि तो संपला की आलेख धाडकन कोसळतो. दाणे बारीक कुटून पाहिले किंवा विकर कमी भरून पाहिले तर हे उघड होते, पण ही तपासणी प्रत्येक निबंधात सापडतेच असे नाही.

आपल्याकडे सच्छिद्र खनिजे आणि विकरे हे दोन्ही धागे पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एका आवारात होते. झिओलाइट उत्प्रेरकांवर तिथे मोठे काम झाले, आणि पेनिसिलिन फोडून नव्या प्रतिजैविकांचा गाभा मोकळा करणाऱ्या असायलेज विकरांवरही.

एसबीए-१५ मात्र कारखान्यांत फारसे दिसत नाही. त्याचा साचा म्हणजे एक महागडे पॉलिमर, आणि तो शेवटी बहुधा पाचशे अंशांच्या आसपास जाळून टाकायचा. मार्गारिनसाठी तेलाची पुनर्रचना करणारे लायपेज आज विकले जाते ते साध्या सिलिकेच्या दाण्यांवर. सत्तरेक अंशांचे तेल त्यांच्या थरातून वाहत राहते. भारतात २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे. हायड्रोजन न वापरता, म्हणजे ट्रान्स चरबी न वाढवता, तेलाला घट्टपणा देण्याचा हा एक मार्ग आहे, आणि त्या सिलिकेत षट्कोनी नळ्या नाहीत.