जुन्या संगणकावर लिनक्स नेमकं कुठे अडतं?

मागच्या भागात आपण बूट होण्याचे टप्पे पाहिले : बायोस, ग्रब, कर्नल, मग फाइलसिस्टम. आज ते कुठे मोडतात ते बघू. पण त्याआधी एक गोष्ट. वीस वर्षांचं यंत्र दुरुस्तीला येतं तेव्हा घरचे फोटो, दुकानाचे हिशेब त्याच डिस्कवर असतात, आणि डिस्कही तेवढीच म्हातारी. म्हणून आपण आधी ती काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडतो आणि डीडीरेस्क्यूने प्रत घेतो. खडखडणाऱ्या डिस्कवर थेट एफएससीके चालवला तर उरलंसुरलंही जायचं!

ग्रबचा मेनूच आला नाही, तर बायोसवर संशय घ्यायचा. काही जुन्या बायोसना डिस्कचा 8.4 जीबीच्या पुढचा भाग दिसतच नाही. कर्नल त्यापलीकडे असेल तर ग्रबला तो कसा सापडणार? डिस्कच्या सुरुवातीलाच बूटचं छोटं पार्टिशन केलं की भागतं.

मेनू आला, पण कर्नल 'पीएई नाही' म्हणून थांबला, तर गंमत पुढेच आहे. पीएई म्हणजे 32 बिटच्या प्रोसेसरला 4 जीबीपलीकडची मेमरी वापरू देणारी सोय. ती 1995च्या पेंटियम प्रोपासून आहे. मग 2003च्या पेंटियम एमवर का नाही? आहे हो! फक्त सुरुवातीचे पेंटियम एम ती असल्याचं सांगत नाहीत. कर्नल विचारतो, प्रोसेसर गप्प, की संपलं. ग्रबमध्ये 'ई' दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी 'फोर्सपीएई' लिहायचं, कर्नल 3.15पासून हा पर्याय आहे. नाहीतर डेबियन 12 घ्या, त्यात पीएई न मागणारा कर्नलही मिळतो. डेबियन 13मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, तेव्हा 12ची सीडी जपून ठेवलेली बरी.

पडदा काळा पडला तर 'नोमोडसेट', मध्येच गोठलं तर 'एसीपीआय=ऑफ'. एका वेळी एकच, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि 'क्वाएट' हा शब्द काढायचाच, म्हणजे शेवटची ओळ वाचता येते. रूट सापडत नसेल तर जुन्या सेटिंगमध्ये 'एचडीए' लिहिलंय का बघा. नवे कर्नल त्याच डिस्कला 'एसडीए' म्हणतात. तिथे यूयूआयडी लिहिलेला बरा.

एवढं करूनही फाइलसिस्टम 'तारीख भविष्यातली आहे' म्हणून कुरकुरली, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो सीआर2032 असतो.